पेट्रोल पंपाचे सुटे भाग पुरवायचे आहेत? नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

फोन साधारण असा येतो: "साहेब, दोन नंबरच्या मशीनची गन गेली, लगेच पाठवा." या वाक्यात तुमच्या उपयोगाचं जवळजवळ काहीच नाही. पेट्रोलची की डिझेलची? पाऊण इंची की एक इंची? 'गेली' म्हणजे गळतेय, मधेच कट होतेय, की टाकी भरली तरी कट होत नाही? नवा माणूस घाईनं "पाठवतो" म्हणतो आणि पहिल्या दोन महिन्यांतच चुकीच्या वस्तू परत येऊन त्याच्या कपाटात साठायला लागतात. स्पेअर मिळवणं फार अवघड नाही. समोरच्याला नेमकं काय हवंय ते त्याच्याकडून काढून घेणं, याचेच पैसे मिळतात.

मोबाइल मशीनपाशी न्यायचा नसतो. म्हणून नेमप्लेटवरचा मेक, मॉडेल, सिरियल नंबर आणि वर्ष कागदावर उतरवून घ्यायला सांगा. बिघडलेला भाग काढून, कोरडा करून, ऑफिसातल्या टेबलावर मोजपट्टीशेजारी ठेवून फोटो मागवा. मशीन सक्शनचं (स्वतः इंधन खेचणारं) आहे की टाकीत बुडालेला सबमर्सिबल पंप आहे, हेही विचारा. सक्शन मशीनच्या पोटात मोटर, बेल्ट आणि पंपिंग युनिट असतं. सबमर्सिबलवाल्यात यातलं काहीच नसतं.

नवशिक्याला पहिला फटका बसतो तो आट्यांचा. नोझल (फोनवरची 'गन'), स्विव्हल (फिरता सांधा), होज, ब्रेकअवे (गाडी होजसकट निघाली तर सुटणारा जोड) हे सगळं आट्यांवर जोडलेलं असतं आणि बाजारात बीएसपी (ब्रिटिश) व एनपीटी (अमेरिकन) असे दोन्ही आटे फिरतात. एक इंचीत बीएसपीला इंचाला ११ आटे आणि एनपीटीला साडेअकरा, त्यामुळे दोन-तीन फेऱ्यांतच अडकतं आणि चूक कळते. पाऊण इंचीत मात्र दोघांनाही १४. भाग छान बसतो, आवळतोही, पण एकाचा कोन ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०, शिवाय एनपीटी निमुळता. मग थेंब थेंब गळती सुरू होते, माणूस टेफ्लॉन टेप गुंडाळत बसतो, जोर लावून आवळतो आणि ॲल्युमिनियमची बॉडी तडकते. आटे मोजायचा गेज फार महाग नाही. पहिल्या दिवशीच घ्या.

दुसरा फटका ओ-रिंगचा. पेट्रोलमधून काढलेली जुनी रिंग फुगलेली असते. ती मापून नवी पाठवली तर मोठी होते. दोन दिवस वाळू दिली तर आक्रसते आणि माप पुन्हा फसवतं. रिंग मोजू नका, ती बसते ती खाच मोजा, आणि आतला व्यास व जाडी दोन्ही लिहून घ्या. डिझेलला नायट्राइल रबर चालतं. पेट्रोलला आता विटॉनच (इंधनात टिकणारं फ्लोरोरबर) द्या. २०२३ पासून ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) टप्प्याटप्प्यानं आलं आणि इथेनॉलमध्ये साधं नायट्राइल फुगून मऊ पडतं. दिसायला दोन्ही रिंगा काळ्याच असू शकतात, म्हणून पाकिटातून काढून एका डब्यात कधीही टाकू नका.

आता गिऱ्हाईक कोण? तेल कंपन्यांच्या बहुतेक पंपांवर मशीन कंपनीच्या मालकीचं असतं आणि देखभालीचा करार मशीन बनवणाऱ्याकडे किंवा त्याच्या फ्रँचायझीकडे असतो. तिथे डीलर तुमच्याकडून काय घेऊ शकतो हे करारावर ठरतं. विचारल्याशिवाय माल भरू नका. स्वतंत्र पुरवठादाराचं खरं क्षेत्र म्हणजे रस्त्यावरच्या पंपांखेरीज बाकीचे पंप: एसटीचे डेपो, साखर कारखाने, खडी क्रशर, ट्रान्सपोर्टवाले, मच्छीमार सोसायट्यांचे डिझेल पंप, डिझेल घरपोच देणारे बाउझर. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की तिथलं मशीन दिवसरात्र चालतं. फिल्टर, बेल्ट आणि होज त्यांच्या स्टोअरला दिवाळीआधी पोचले पाहिजेत. कोकणात सगळं पावसाळ्यावर ठरतं: मेअखेर टाकीच्या फिल पॉइंटची गॅस्केट आणि मॅनहोलचे सील, जूनमध्ये विजा सुरू झाल्या की पॉवर सप्लायची कार्डं.

यानंतरचा भाग नीट वाचा. मशीनमध्ये दोन प्रकारचे भाग असतात: वजनमापवाल्यांच्या सीलच्या आतले आणि बाहेरचे. नोझल, होज, फिल्टर, बेल्ट, मोटर हे साधारणपणे बाहेरचे. मीटर, पल्सर (मीटरच्या फेऱ्यांचे विजेचे संकेत करणारा भाग), टोटलायझर (एकूण विक्रीचा आकडा) आतले. सील तुटलं की फेरपडताळणी होईपर्यंत त्या नोझलवरून विक्री बंद. वैध मापन कायदा, २००९ च्या कलम २३ प्रमाणे मापं विकायला आणि दुरुस्त करायलाही परवाना लागतो. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यभरात पंपांवर छापे घातले ते पल्सर कार्डांतल्या फेरफारासाठीच. कुणी सुटा पल्सर किंवा 'तसलंच दिसणारं' कार्ड मागितलं तर कारण विचारत बसू नका, नाही म्हणा. ते काम मशीन बनवणाऱ्याच्या अधिकृत माणसाचं.

मीटरबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. झिजलेलं मीटर बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला कमी नाही, जास्त देतं, कारण इंधन न मोजलं जाता निसटतं. पाच लिटरच्या मापात अधिक-उणे २५ मिली चालतं. २० मिली जास्त जात असेल तर मशीन नियमात बसतं. पण रोज ३,००० लिटर विकणाऱ्याचे दिवसाला १२ लिटर जातात. "स्टॉक जुळत नाही, टाकी गळतेय का बघा" असा फोन आला तर टाकीआधी रोजच्या पाच लिटर मापाच्या तपासणीची नोंदवही मागा.

नोझलमधलं ऑटोकट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त तेच विकाल. नळीच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. इंधन वाहताना त्यातून हवा ओढली जाते. टाकी भरून टोक बुडालं की हवा थांबते, आत निर्वात तयार होतो, पडदा खेचला जातो आणि खटका पडतो. आता उलटं लावा. भोकात कचरा असेल तर टाकी रिकामी असतानाही नोझल पुन्हा पुन्हा कट होतं. बारीक तारेनं साफ केलं की काम झालं, नवं नोझल लागत नाही. पडदा फाटला असेल किंवा कुठून तरी हवा शिरत असेल तर कट होतच नाही. फ्लो फार कमी असला तरी खटका पडत नाही, आणि तिथे नवं नोझल बसवूनही तक्रार तशीच राहते. बंद केल्यावर थेंब पडत राहिले तर मुख्य व्हॉल्व्हची सीट किंवा रिंग गेलेली असते. चार प्रश्न विचारून तुम्ही नव्या नोझलऐवजी ओ-रिंगचा सेट पाठवलात तर बिल छोटं होईल. पण पुढची दहा वर्षं फोन तुम्हालाच येईल.

'फ्लो कमी' ही तक्रार कधीही मोघम घेऊ नका. साधं मशीन मिनिटाला साधारण ४० लिटर देतं, म्हणजे २० लिटरला ३० सेकंद. घड्याळ लावून मोजायला सांगा. एकाच बाजूला कमी असेल तर नोझल किंवा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह). एका मशीनच्या दोन्ही बाजूंना कमी असेल तर फिल्टर, गाळणी किंवा बेल्ट. त्या इंधनाच्या सगळ्याच मशीनना कमी असेल तर सबमर्सिबल. ई-२० सुरू झालं की जुन्या टाकीतला चिकटलेला गाळ सुटतो, म्हणून पहिले काही आठवडे फिल्टर लवकर चोक होतात. तिथे एकाऐवजी तीन फिल्टर द्या.

सक्शन मशीनची एप्रिल-मेची विदर्भातली तक्रार वेगळीच: दुपारी पेट्रोल येईना, पंप नुसता घुमतो. पंपिंग युनिट बदलायची ऑर्डर तयारच असते. खरं तर गाळणी चोक झाल्यानं खेच वाढलेली असते आणि उन्हानं तापलेल्या लाइनमध्ये पेट्रोलची वाफ धरते. गाळणी आणि फिल्टर आधी. सकाळी पहिल्याच गाडीला वेळ लागत असेल तर लाइनचा चेक व्हॉल्व्ह रात्रभर धरत नाही, प्राइम सुटतो, म्हणजे लाइनमधलं इंधन टाकीत परत उतरतं. आणि बेल्ट चिरकत असेल तर बेल्टवरचा नंबर वाचून घ्या. 'ए' सेक्शनमध्ये (बेल्टच्या जाडी-रुंदीचा एक प्रकार) तो आकडा म्हणजे आतली लांबी इंचात.

विजेच्या भागात स्वस्तात घेऊन विकायचा मोह टाळा. फ्लेमप्रूफ मोटर, जंक्शन बॉक्स आणि केबल ग्लँड यांना नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) मान्यता लागते. मान्यतेचा क्रमांक नसलेला माल घेऊच नका. बसवणाऱ्याला सांगा: झाकणाचा प्रत्येक बोल्ट लागलाच पाहिजे, फ्लँजचा पृष्ठभाग खरवडायचा नाही, आणि तिथे सिलिकॉन किंवा गॅस्केट भरायची नाही. स्फोट आतच राहावा म्हणून ती फट मोजून ठेवलेली असते. सोलेनॉइडच्या कॉइलचा व्होल्टेज छापील वाचूनच पाठवा, अंदाजानं नाही.

पंधरा-वीस पंपांसाठी सुरुवातीचा साठा: नोझल सहा, त्यांत पेट्रोल-डिझेल निम्मी निम्मी, होज चार, ब्रेकअवे चार, स्विव्हल चार, फिल्टर तीसेक, बेल्ट दोन-तीन मापांचे प्रत्येकी चार, विटॉन रिंगांचे सेट भरपूर. पंपिंग युनिट आणि मोटर ऑर्डर आल्यावर आणा. होज उन्हात किंवा घडी घालून ठेवू नका, सैल वेटोळं करून सपाट ठेवा, आणि त्यावरची तारीख पाहून जुना आधी विका.

पैशाचं थोडक्यात. पेट्रोल-डिझेल जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे तुमच्या बिलावरच्या कराचं क्रेडिट पंपवाल्याला सहसा मिळत नाही. तो करासकट दर बघतो. कोटेशनही तसंच द्या. एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक) सगळ्यांना एकच लावू नका: मशीनच्या पंपाचे भाग ८४१३ मध्ये, व्हॉल्व्ह ८४८१, रबरी होज ४००९, बेल्ट ४०१०. तुम्ही नुसते व्यापारी असाल तर लघुउद्योगांना मिळणारं ४५ दिवसांत पैसे मिळण्याचं संरक्षण तुम्हाला नाही, मग उद्यम नोंदणी असो वा नसो. संस्था आणि कारखान्यांना उधारी देताना हे धरून चाला.

माल रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जातो आणि जुना भाग तसाच परत येतो. तो पाठवण्याआधी पूर्ण निथळून, दिवसभर उघड्या हवेत वाळवून, मगच बांधायला सांगा. वास येणारं पार्सल ड्रायव्हरनं वाटेत उतरवून ठेवलं तर त्याची चूक नाही.