पिल्लू दिसेल ते चावतंय? या चुका टाळा

नाशिकचं इंदिरानगर असो की गंगापूर रोड, कुत्र्याचं पिल्लू घरात आलं की पहिला बळी चपलेचा, मग सोफ्याचा कोपरा, मग मोबाईलचा चार्जर, आणि मग ठरलेला प्रश्न, याची चावायची सवय मोडायची कशी? मोडायची नाहीच मुळी. दुधाचे 28 दात साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात येतात, तोवर हिरड्या ठणकत असतात, त्यामुळे ते काहीतरी चावणारच. काय चावायचं तेवढं आपण ठरवू शकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तोंडात मोजा दिसला की "ए सोड सोड" करत अख्खं घर त्याच्या मागे पळतं. त्याच्या दृष्टीने हा पकडापकडीचा खेळ झाला, उद्या मुद्दाम मोजा घेऊन समोर येऊन उभं राहील. जबडा उघडून ओढून काढलंत तर आणखी वाईट, पुढच्या वेळी ते पलंगाखाली जाऊन गुरगुरेल नाहीतर घाईघाईत गिळूनच टाकेल, आणि मोजा आतड्यात अडकला की ऑपरेशनची वेळ येऊ शकते. त्यापेक्षा अदलाबदल करा. पनीरचा किंवा बिनमसाल्याच्या उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा नाकासमोर धरा, तोंड उघडलं की "सोड" म्हणा, तुकडा द्या आणि तेवढ्यात वस्तू उचला. पण याची प्रॅक्टिस निवांत वेळी त्याच्याच खेळण्यावर करायची आणि खेळणं लगेच परत द्यायचं, म्हणजे सोडलं की आपलं जातं असं त्याला वाटत नाही. ऐन चपलेच्या वेळी शिकवायला गेलात तर काही उपयोग नाही.

ऑफिसातून आल्यावर फाटलेली उशी दाखवून रागावणं पण फुकट. दुपारच्या उशीचा आणि संध्याकाळच्या ओरड्याचा संबंध त्याला लागत नाही. कान पाडून बसलं म्हणजे चूक कळली असं आपल्याला वाटतं, ते फक्त घाबरलेलं असतं.

जुनी चप्पल खेळायला देऊ नका, जुनी कुठली आणि नवी कुठली हे त्याला काय कळणार. वायरींना, फर्निचरला मिरची पूड लावायचा सल्ला तर हमखास मिळतो, नका ऐकू, डोळ्यात-नाकात गेली तर बिचाऱ्याचे हाल. वायरी सरळ उचलून कपाटामागे घ्या. शिजवलेली हाडं नकोत, त्यांच्या टोकदार कपच्या होतात. नखाने दाबून जराही खळगा पडत नाही इतकं कडक खेळणं पण नको, दात तुटतो. रबराचं खेळणं, नाहीतर ओला करून पिळ घातलेला जाड नॅपकिन फ्रीझरमध्ये गार करून चावायला द्या, नॅपकिन मात्र समोर बसूनच.

आता खास नाशिककरांसाठी. सीझनमध्ये निफाड-दिंडोरीकडून कोणीतरी द्राक्षांची पेटी पाठवतंच आणि ती पेटी जमिनीवरच पडलेली असते. पिल्लू आधी पुठ्ठा चावतं, मग आतली द्राक्षं. द्राक्षं, मनुके, बेदाणे, यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही, त्यामुळे "दोनच खाल्ली" म्हणून थांबू नका, उलटीची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन करा. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. कांद्याचंही तसंच, रक्तातल्या लाल पेशी फुटतात, म्हणजे लासलगावची गोणीही वर, आणि रविवारच्या मिसळीच्या प्लेटा टीपॉयवर तशाच सोडायच्या नाहीत. कुंडीतली कण्हेर पण विषारी, ती गॅलरीतून हलवा.

एक गंमत म्हणजे संध्याकाळी पिसाळल्यासारखं चावत सुटलेलं पिल्लू बऱ्याचदा दमलेलं असतं. दिवसाला 18-20 तास झोप लागते त्याला. अशा वेळी आणखी खेळवू नका, शांत कोपऱ्यात चावायला काहीतरी देऊन झोपवा.

सात महिने झाले आणि पक्क्या दाताशेजारी दुधाचा सुळा तसाच दिसत असेल तर डॉक्टरांना दाखवा, तो काढावा लागू शकतो. चावाचावीनंतर उलट्या सुरू झाल्या, खाणं सुटलं किंवा शी होत नसेल तर मात्र सकाळपर्यंत थांबू नका.