जनरेटर-यूपीएसचं रिमोट मॉनिटरिंग घ्यायचंय? पैसे देण्याआधी हे तपासा

लाईट गेली आणि डीजी (डिझेल जनरेटर) सुरूच झाला नाही की सगळ्यांचा पहिला संशय इंजिनवर जातो. पण डीजी न उठण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण असतं स्टार्टिंगची बॅटरी, म्हणजे चार्जर कधीतरी बंद पडलेला असतो, टर्मिनलवर क्षार चढलेले असतात, नाहीतर बॅटरीच म्हातारी झालेली असते. आणि यातलं बरंचसं आधी कळू शकतं. म्हणून मी म्हणतो, मॉनिटरिंग, म्हणजे लांबून लक्ष ठेवणारी सिस्टीम, विकायला कोणीही आलं की पहिला प्रश्न एकच विचारा: लाईट आहे, डीजी बंद आहे, सगळं शांत आहे, अशा दिवशी तुमची सिस्टीम मला काय सांगते? डेमो बहुतेक वेळा चालू डीजीवर दाखवतात, काटे हलत असतात, ग्राफ सुंदर दिसतो, पण चालू डीजीची काळजी कमीच, न उठणाऱ्याची जास्त.

हे मी अनुभवाने सांगतोय. आमच्याकडे सर्व्हिसिंग झाल्यावर डीजीचा कंट्रोलर ऑटोवर (लाईट गेली की डीजी आपोआप सुरू करणाऱ्या मोडवर) परत टाकायचा राहून गेला, ऑफवरच राहिला, आणि दोन आठवडे डॅशबोर्डवर सगळं हिरवं, बॅटरी ओके, डिझेल ओके, कूलंट ओके. लाईट गेली तेव्हा कळलं. तेव्हापासून 'ऑटोवर नाही' हा अलार्म असल्याशिवाय मी कुठलीही सिस्टीम पास करत नाही. एक साधा कॉन्टॅक्ट (स्विचसारखा सिग्नल) असतो तो, पण लावायचा राहून जातो.

आता डीजीवर काय काय मोजायचं ते. स्टार्टिंग बॅटरीचं व्होल्टेज तर हवंच, पण नुसतं उभ्या-उभ्या मोजून उपयोग नाही, बिघडलेली बॅटरीसुद्धा चार्जरवर छान व्होल्टेज दाखवते. सेल्फ मारताना, म्हणजे क्रँकिंगला, व्होल्टेज किती खाली जातं ते बघायचं. 12 व्होल्टची बॅटरी क्रँकिंगला साधारण 9.6 च्या खाली जात असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दर टेस्टला हा आकडा घसरतोय का ते बघा. इथे एक मेख आहे: क्रँकिंग काही सेकंदांचं असतं, आणि मॉनिटरिंगचा जो बॉक्स दर पाच मिनिटांनी रीडिंग घेतो त्याला ही घसरण कधी दिसणारच नाही. तेव्हा सॅम्पलिंग (रीडिंग घेणं) किती वेगाने होतं हे आवर्जून विचारा.

डिझेलची लेव्हल बघताना, डीजी बंद असताना लेव्हल कमी झाली तर लगेच कळलं पाहिजे, ती चोरी किंवा गळती असते. टेस्ट रनची नोंदही आपोआप व्हायला हवी, किती मिनिटं आणि किती लोडवर. अमेरिकेतलं एनएफपीए 110 हे स्टँडर्ड महिन्यातून एकदा किमान 30 मिनिटं आणि नेमप्लेटच्या किलोवॅटच्या निदान 30 टक्के लोडवर चालवा असं सांगतं. कारण डिझेल इंजिन सतत रिकामं किंवा कमी लोडवर चालवलं की न जळलेलं इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साठत जाते.

यूपीएसच्या बॅटऱ्यांचं गणित वेगळं. तिथे पूर्ण स्ट्रिंगचं (एकामागे एक जोडलेल्या बॅटऱ्यांच्या माळेचं) व्होल्टेज बघून फारसं कळत नाही, कारण ते चार्जर ठरवतो, आतली एक बॅटरी मेली तरी एकूण आकडा जागच्या जागी राहू शकतो, आणि बॅटऱ्या सिरीजमध्ये असल्यामुळे ती एकच बॅटरी अख्खी स्ट्रिंग खाली ओढते. म्हणून प्रत्येक बॅटरीवर सेन्सर हवा, व्होल्टेज, तापमान आणि इंटर्नल रेझिस्टन्स (बॅटरीचा आतला विरोध) मोजणारा. सीलबंद लेड-अ‍ॅसिड नवीन असतानाच रेझिस्टन्स नोंदवून ठेवा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? पुढे तो 30-50 टक्के वाढला की डिस्चार्ज टेस्ट (लोडवर बॅटरी उतरवून क्षमता मोजणं) लावा, आणि क्षमता 80 टक्क्यांखाली आली की बॅटरी बदला. तापमानाकडे तर बारीक लक्ष द्या, 25 अंशांच्या वर दर 8-10 अंशांमागे आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. लिथियम असेल तर तिचं स्वतःचं बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) असतं, फक्त त्याचा डेटा बाहेर मिळतोय ना एवढं बघा.

विकणारे कोण कोण आहेत? इंजिन-जनसेटवाले, उदाहरणार्थ कमिन्स, कॅटरपिलर, कंट्रोलरवाले म्हणजे डीप सी, कॉमॅप, यूपीएसवाले श्नायडर, ईटन, व्हर्टिव्ह, यांची स्वतःची सॉफ्टवेअर असतात, आणि चौथे म्हणजे कुठल्याही मशीनला बाहेरून बॉक्स जोडून देणारे. सगळं एकाच मेकचं असेल तर त्याच कंपनीचं सोपं पडतं. मेक मिक्स असतील तर चौथ्या प्रकाराकडे जा, पण मग ओपन प्रोटोकॉलवर, म्हणजे कुठल्याही कंपनीला वापरता येईल अशा मशीनच्या भाषेवर, अडून बसा. मॉडबस 1979 पासून आहे आणि जवळपास प्रत्येक चांगला कंट्रोलर तो बोलतो, यूपीएससाठी एसएनएमपी हा दुसरा प्रोटोकॉल, त्यावर यूपीएसची माहिती कशी द्यायची याचं स्टँडर्ड आरएफसी 1628 हे 1994 चं. कंट्रोलरचा रजिस्टर मॅप (कुठलं रीडिंग कुठल्या नंबरवर मिळतं त्याची यादी) लेखी मागा, आणि वर्गणी थांबवली तर जुना डेटा सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाईलमध्ये) मिळणार का, हेही. 'बघू नंतर' असं उत्तर आलं तर ते 'नाही' समजा.

नेटवर्कच्या बाबतीत लोक हमखास फसतात. लाईट गेल्याचा मेसेज लाईट गेल्यावरच जायला हवा, मग राऊटर आणि स्विच यूपीएसवर आहेत का? बॉक्सला स्वतःची छोटी बॅटरी आहे का? सिम कुठल्या नेटवर्कचं? फेब्रुवारी 2022 मध्ये एटी अँड टीने अमेरिकेत 3जी बंद केलं तेव्हा फक्त 3जीवर चालणारी उपकरणं त्या नेटवर्कवर मुकी झाली, त्यामुळे 2जी-3जीवालं मॉडेम आता घेऊच नका. बॉक्सने ठरावीक वेळाने 'मी जिवंत आहे' असं कळवायला हवं आणि ते आलं नाही तर अलार्म वाजायला हवा, नाहीतर गप्प बसलेला बॉक्स आणि निरोगी डीजी दोन्ही सारखेच दिसतात.

आणि पासवर्ड! मार्च 2022 मध्ये अमेरिकेच्या सायसा या सरकारी संस्थेने ऊर्जा खात्याबरोबर इशारा दिला होता की इंटरनेटला जोडलेल्या यूपीएसमध्ये हल्लेखोर घुसतायत, तेही बऱ्याचदा न बदललेल्या डिफॉल्ट पासवर्डने. साध्या मॉडबसला तर पासवर्ड हा प्रकारच नाही. म्हणजे उपकरण थेट इंटरनेटवर उघडं ठेवायचं नाही, व्हीपीएनमागे (खासगी, सुरक्षित जोडणीमागे) ठेवायचं, आणि लांबून स्टार्ट-स्टॉपची खरंच गरज नसेल तर फक्त वाचायची परवानगी द्या.

अलार्म कमी ठेवा. रात्री फोन वाजावा असे चार-पाच, बाकीचे सकाळच्या मेलमध्ये.

सगळं बसवून झालं की इंजिनिअर तिथे असतानाच त्याच्यासमोर टेस्ट घ्या: कंट्रोलर ऑफवर टाका, चार्जरची सप्लाय काढा, बॉक्सचा अँटेना काढा, राऊटर बंद करा, एकेक करून, आणि प्रत्येक वेळी तुमचा फोन किती मिनिटांत वाजतो ते घड्याळ लावून लिहा. जो वाजला नाही तो दुरुस्त झाल्याशिवाय सही करू नका.