वाढदिवसाचा खाऊ शाळेत नेण्याआधी

दहा-बारा दिवस आधी वर्गशिक्षिकांना मेसेज करायचा आणि चार गोष्टी विचारायच्या. घरी केलेला खाऊ चालतो का, मुलं किती, वाटप कितव्या तासाला, आणि कुणाला काय चालत नाही. बहुतेक घरांत आधी पदार्थ ठरतो आणि ही चौकशी आदल्या रात्री आठवते. मग ॲलर्जी असलेल्या मुलाच्या हातात वेगळी पुडी येते, नाहीतर त्याला काहीच मिळत नाही. अख्ख्या वर्गाला एकत्र खाता येईल असाच खाऊ निवडायचा. पौष्टिकपणाचा विचार त्यानंतर.

ॲलर्जीच्या यादीत शेंगदाणे, बदाम-काजू-अक्रोड, दूध, अंडी, गहू, सोया आणि तीळ यांची नावं स्पष्ट विचारून घ्यावीत. ‘थोडंसं खाल्लं तर काय होतंय’ हे इथे लागू पडत नाही. काही मुलांना शेंगदाण्याच्या भांड्यातला न धुतलेला चमचाही पुरतो. सिलिॲक आजार (ग्लुटेन या गहू-बार्लीतल्या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो) असेल तर गहू आणि बार्ली बंद. साध्या ओट्समध्येही गव्हाचा अंश असू शकतो, म्हणून पाकिटावर ‘ग्लुटेन-मुक्त’ लिहिलेलं पाहून घ्यायचं. टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलाला खाऊतून वगळू नका. त्याच्या पालकांना पदार्थ, प्रमाण आणि वेळ आधी कळवली की इन्सुलिनचा हिशेब त्यांना बसवता येतो.

मग वय बघायचं. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी अख्खे दाणे आणि सुकामेवा नको. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करायच्या. गोल द्राक्ष श्वासनलिकेत बुचासारखं बसतं. पॉपकॉर्न चार वर्षांखाली नाहीच. कच्चं गाजर असेल तर पातळ काप किंवा कीस.

साखरेचा आकडा मी स्वतः कागदावर मांडला तेव्हा डोळे उघडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेली साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी हवी, 5 टक्क्यांखाली आली तर अधिक चांगलं. दिवसाला 1500 कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी 5 टक्के म्हणजे सुमारे 19 ग्रॅम, जेमतेम पाच लहान चमचे. मध आणि फळांचा रसही याच हिशेबात मोजतात. अख्खं फळ मात्र मोजत नाहीत. त्यामुळे रसाच्या डब्यापेक्षा सोलून खायचं संत्रं केव्हाही बरं.

आता पदार्थ. माझी पहिली पसंती लहान संत्र्यांना. चिरायची भानगड नाही, साल हेच वेष्टण, आणि सालीवर मुलाने काढलेला हसरा चेहरा कागदी पट्टीने चिकटवता येतो. थोड्या मोठ्या मुलांसाठी घरी फोडलेलं पॉपकॉर्न: मका हे पूर्ण धान्य आहे, आणि साधारण 200 ग्रॅम दाण्यांत 30 मुलांना कपभर प्रत्येकी पुरतं. तेल बेताचं, मीठ चिमूटभर. बेक करायची हौस असेल तर काळे ठिपके आलेली चार केळी कुस्करून त्यात दोन कप ओट्स आणि दालचिनी मिसळा, लहान चपटे गोळे करून 180 अंशांवर पंधरा मिनिटं भाजा. साधारण 30 छोट्या कुकीज होतात. केळं पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून वेगळी साखर लागत नाही. कच्चट केळी घेतली तर हाच पदार्थ फिका लागतो, तेव्हा केळी चार दिवस आधी आणून ठेवा.

सफरचंद न्यायचं असेल तर सकाळीच चिरा. कपभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून फोडी पाच-दहा मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्याने धुऊन घ्या. लवकर काळ्या पडत नाहीत. पण वाटप शेवटच्या तासाला असेल तर चिरलेली फळं आणि दही यांचा विचार सोडा. असे पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. वाटपाची वेळ सुरुवातीलाच विचारायची ती यासाठी.

चालणाऱ्यांपैकी दोन पर्याय मुलासमोर ठेवा आणि निवड त्याच्यावर सोडा. पर्यायच उरत नसतील, इतक्या मुलांची पथ्यं वेगळी असतील, तर वर्गाच्या ग्रंथालयाला एक पुस्तक आणि प्रत्येकाला पेन्सिल. मुलं यातही तितकीच खूश होतात.

आदल्या रात्री फळं धुऊन, पुसून, कोरडी करून ठेवा. प्रत्येकाची कागदी पुडी वेगळी बांधा, म्हणजे बाईंना वाढत बसावं लागत नाही. डब्याच्या झाकणावर सगळे घटक लिहून चिकटवा, दालचिनीसुद्धा. सोबत हात पुसायचे कागद आणि सालींसाठी एक पिशवी. पुड्या मोजताना वर्गशिक्षिका, मदतनीस आणि दोन जास्तीच्या धरा, कारण मोजणीत एखादं नाव राहून जातं.