'डायव्हर्जन्स' लिहिण्याआधी दोन तारखा शोधा

माझ्या एम.ए.च्या प्रबंधिकेत 'डायव्हर्जन्स' (एकमेकांपासून लांब जात जाणं) हा इंग्रजी शब्द 19 वेळा होता. मी मोजला नव्हता. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी मोजला होता, आणि प्रत्येकाभोवती पेन्सिलीने बारीक गोल केला होता. त्यांनी प्रत उलटी फिरवून माझ्यासमोर सरकवली आणि इंग्रजीत दोनच शब्द विचारले : "सिन्स व्हेन?" म्हणजे, केव्हापासून?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण माझ्या तक्त्यात एकच वर्ष होतं.

विषय होता विदर्भाचा अनुशेष, म्हणजे मागे राहिलेला विकास भरून काढायला लागणारा पैसा. नागपुरात अर्थशास्त्र शिकणारे निम्मे पोट्टे याच विषयावर लिहितात, त्यामुळे मी इथे फार खोलात जात नाही. राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीचा 1984चा अहवाल, राज्याचा एकूण अनुशेष सुमारे 3,186 कोटी, त्यात विदर्भाचा वाटा 1,246 कोटी, म्हणजे साधारण 39 टक्के. हे आकडे मांडून खाली मी ठोकून दिलं होतं की विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यात मोठा डायव्हर्जन्स दिसतो. दिसत नाही हो! त्या आकड्यांत दिसते ती एका दिवसाची विषमता. तिला इंग्रजीत डिस्पॅरिटी म्हणतात. दोघं आधी जवळ होते, मग लांब गेले, हे एका आकड्यावरून कसं कळणार?

व्हायव्हा संपल्यावर त्याच सरांनी चहाच्या टपरीवर बिलाच्या पाठीवर मला व्हरायटी चौक काढून दाखवला. दोन मित्र चौकात शेजारी शेजारी उभे. एक अमरावती रोडने निघाला, दुसरा वर्धा रोडने. एक जण लॉ कॉलेजला आणि दुसरा रहाटे कॉलनीला पोचेपर्यंत जे घडत गेलं, तो डायव्हर्जन्स. मग दोघंही तर्री पोहे खायला बसले. अंतर आहे तेवढंच राहिलं, पण डायव्हर्जन्स थांबला. आणि एक जण जन्मापासून कामठीत, दुसरा हिंगण्यात, कोणीच जागचं हललं नाही, तर अंतर भरपूर असूनही डायव्हर्जन्स कधी झालाच नाही. शब्दाचं लॅटिन मूळही हेच सांगतं : 'डिस्' म्हणजे वेगळं, 'व्हर्जेरे' म्हणजे झुकणं, वळणं.

मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. मी काटोलकडचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. अंतर्गोल भिंगाला आपण अपसारी भिंग म्हणतो हे मला पाठ होतं. समांतर आलेले किरण पलीकडे फाकत जातात, ते अपसरण. म्हणजे शब्द माझ्याकडे आठ वर्षांपासून होता, फक्त इंग्रजीत आल्यावर मी त्याला ओळखलं नाही. मराठी माध्यमवाल्यांनी उगाच घाबरू नये. उलट अशा शब्दांत आपल्याला जास्त दिसतं.

फसतो आपण 'तफावत'मुळे. मराठीत 'तफावत आहे' हेही चालतं आणि 'तफावत वाढत गेली' हेही. चाल क्रियापदात असते, नाम बिचारं जागेवर बसलेलं. डायव्हर्जन्समध्ये मात्र ती चाल नामाच्याच पोटात आहे. आपण डोक्यात 'तफावत' म्हणतो आणि हाताने 'डायव्हर्जन्स' लिहितो, तिथे घोळ होतो. मग 'ग्रोइंग डायव्हर्जन्स'सुद्धा येतो. ती चूक नाही, चांगले लोकही लिहितात. पण माझ्या प्रबंधिकेत 'ग्रोइंग' फक्त शब्दसंख्या वाढवायला होता.

आता आकड्यांचा भाग, जरा सावकाश वाचा. हे भाव मी समजावण्यापुरते बनवलेले आहेत. संत्र्याला बागेत किलोमागे 20 रुपये आणि शहरात 50. पुढच्या वर्षी बागेत 30, शहरात 60. दोन्ही भाव चढले म्हणून पुष्कळ जण इथे डायव्हर्जन्स लिहितात. पण अंतर 30 होतं, 30च राहिलं. बागेत 22 आणि शहरात 70 झाले असते तर बिनधास्त लिहा. आणि बागेत 40, शहरात 80 झाले तर? अंतर 30 वरून 40 झालं, पण शहरातला भाव बागेच्या अडीचपट होता तो दुप्पट झाला. रुपयांत मोजलं तर लांब गेले, पटीत मोजलं तर जवळ आले! कशात मोजलं हे त्याच वाक्यात लिहिलं नाही, तर समोरचा तुम्हाला तिथेच पकडणार. मला पकडलं.

"मग दुसरी तारीख आणतो ना," असं मी सरांना म्हणालो. आणलीही. 1994च्या स्थितीवरचा निर्देशांक व अनुशेष समितीचा आकडा : एकूण सुमारे 14,006 कोटी, विदर्भाचा वाटा 47 टक्क्यांच्या आसपास. 39चे 47! मला वाटलं, जिंकलो. सर म्हणाले, मधल्या दहा वर्षांत दर बदलले, निकष नव्याने ठरले, दोन वेगवेगळ्या फूटपट्ट्यांनी मोजलेले आकडे शेजारी ठेवून चाल कशी दाखवणार? शेवटी मी 'अनुशेषातला वाटा 39 वरून 47 टक्क्यांवर गेला, निकष मात्र वेगळे' एवढंच लिहिलं. शब्द गेला, वाक्य सुधारलं.

हाच शब्द चपखल कसा बसतो ते बघायचं तर केनेथ पोमेरान्झ यांचं 2000 सालचं 'द ग्रेट डायव्हर्जन्स' हे पुस्तक घ्या. त्यांचा सगळा जोर यावर की अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंड आणि चीनमधला यांगत्से खोऱ्याचा पुढारलेला भाग बराचसा सारखा होता. आधी सारखेपणा सिद्ध करायचा, मग फाटा कुठे फुटला ते दाखवायचं. आधीची जवळीक नसती, तर ते शीर्षकच उभं राहिलं नसतं.

शब्दयोगी शब्दांचं थोडक्यात : दोघांमधला असेल तर 'बिटवीन', ठरलेल्या वाटेपासून असेल तर 'फ्रॉम', कशात ते सांगायचं तर 'इन'. 'दॅन' कधीच नाही. हिशोबात रोकड आणि वही जुळत नसेल तर ती डिस्क्रेपन्सी. आणि डायव्हर्शन म्हणजे मेट्रोच्या कामात वर्धा रोडवर वर्षानुवर्षं लागलेला तो बोर्ड. माझ्या रूममेटने 'डायव्हर्शन ऑफ फंड्स' लिहिलं होतं, त्याला म्हणायचा होता निधीतला फरक. त्याचा अर्थ होतो पैसा दुसरीकडे वळवला. विदर्भाच्या बाबतीत तो वेगळाच आरोप आहे, राजेहो, आणि त्यालाही वेगळा पुरावा लागतो.

हा शब्द माझ्या डोक्यात आला एका अभ्यासिकेतल्या सीनियरच्या 'हाय-फाय समानार्थी शब्द' या पीडीएफमधून. डिफरन्स, डिस्पॅरिटी, डायव्हर्जन्स, सगळे एका ओळीत, मध्ये स्वल्पविराम. अशा याद्या फेकून द्या. व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअरही इथे कामाचं नाही, कारण व्याकरण बरोबरच असतं. आणि प्रत्येक प्रकरणावर नुसतं 'ओके' लिहून परत देणारा गाइड मिळाला, तर त्याच्यावर विसंबू नका. मला तोच मिळाला होता. मे महिन्यात कूलरसमोर बसून पुन्हा 90 पानं टाइप केली तेव्हा ते 'ओके' फार आठवलं.

इतकं वाचून कोणी हा शब्द वापरायचाच सोडून देऊ नका. 'डायव्हर्जन्स ऑफ ओपिनियन'मध्ये तारखा कोणी मागत नाही, तिथे मतभेद एवढाच अर्थ पुरतो. 'डिफरन्स' लिहिण्यातही कमीपणा नाही. माझ्या सोळा ठिकाणी शेवटी तोच किंवा डिस्पॅरिटी बसला, आणि गुण काही कमी झाले नाहीत.

उरले तीन. त्यातला एक, पान 41 वरचा, परवा पुन्हा वाचला तर तिथेही दोन वर्षांचे निकष जुळत नाहीत. प्रत आता बांधून ग्रंथालयात ठेवलेली आहे, आणि तिथे आत पेन्सिल नेऊ देत नाहीत.