शनिवार-रविवार हैदराबाद, आणि मुख्य म्हणजे परत यायची तयारी

कपडे, ब्रश, आधार कार्ड हे सांगत बसत नाही, ते तुम्हाला कळतं. गोव्याहून हैदराबादला शनिवार-रविवारसाठी जाताय तर सगळं हँडबॅगेत बसवा, सात किलोच्या आत, चेक-इनला बॅग टाकायचीच नाही. मध्यरात्री उतरल्यावर बेल्टपाशी डोळे चोळत उभं राहायची हौस असेल तर टाका.

आता किल्ली. घराची किल्ली. लोक हसतात, पण हसू नका. आमच्याकडे डिचोलीला दोन दिवस बाहेर जायचं म्हटलं की मांजराला दूध घालायला, झाडांना पाणी घालायला किल्ली शेजारच्या काकींकडे द्यायची पद्धत आहे आणि ती बरोबरच आहे, फक्त आपण हिशोब असा धरतो की रविवारी रात्री नऊला उतरू, साडेदहाला काकींकडून किल्ली घेऊ, त्या तेव्हा टीव्ही बघतच असतात. विमान नऊचं दीडला आलं की मग काकी झोपलेल्या, फोन सायलेंटवर, त्यांचा कुत्रा मात्र जागा, आणि आपण दाराबाहेर सोप्यावर डास मारत उजाडायची वाट बघतोय. म्हणून दोन किल्ल्या. एक काकींकडे, एक तुमच्या हँडबॅगेच्या आतल्या चेनवाल्या कप्प्यात. गाडीच्या डॅशबोर्डात ठेवू नका, गाडी कुठे असेल ते पुढे सांगतो. आणि गेटला वेगळं कुलूप असेल तर त्याचीही किल्ली, दाराची घेतली आणि गेटची राहिली असं होतं, रात्री गेटवरून चढणारा माणूस शेजारच्यांना कसा दिसतो हा विचार करून बघा.

मग तिकीट. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत हे आपल्यालाच सांगायची पाळी यावी, पण येते. तिकिटावरच्या तीन अक्षरी खुणेत दाबोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स. मोपाची विमानं ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाली, तरी अजून घरात कुणीतरी एअरपोर्ट म्हटलं की दाबोळीच धरतं. स्वस्तात मिळतं म्हणून जाताना दाबोळी आणि येताना मोपा असं तिकीट काढता, दोन्हीकडे नुसतं गोवा लिहिलेलं असतं, आणि गाडी दाबोळीच्या पार्किंगमध्ये लावून जाता. परत आल्यावर गाडी वास्कोच्या बाजूला आणि तुम्ही पेडण्याच्या सड्यावर, मध्ये मांडवी आणि जुवारी दोन्ही. तीन अक्षरं बघा, दोनदा बघा. डिचोली, म्हापसा, पेडण्याच्या लोकांनी दोन्ही वेळा मोपाच घ्यावं, मडगाव-वास्कोवाल्यांनी दाबोळी, दोन-चारशे रुपये वाचवण्यात काही अर्थ नाही.

परतीचं शेवटचं विमान घेऊ नका. तेच विमान सकाळपासून चार गावं फिरत असतं, कुठे पाऊस, कुठे धुकं, कुठे नुसती गर्दी, प्रत्येक ठिकाणचा उशीर पुढच्या फेरीवर चढतो आणि रात्रीच्या फेरीला सगळाच्या सगळा आपल्या माथी येतो. शिवाय दुपारचं रद्द झालं तर मागे संध्याकाळचं एखादं असतं, शेवटचं रद्द झालं की थेट सकाळ. हे सगळं माहीत असून माणसं शेवटचंच घेतात कारण चारमिनारला एक संध्याकाळ जास्त मिळते. घ्या मग. पण शहरातून शमशाबादला, म्हणजे हैदराबादच्या विमानतळाला, निघायच्या आधी फोनवर बघा की तुम्हाला न्यायचं विमान आत्ता कुठे आहे, फ्लाइट ट्रॅकिंगच्या ॲपवर दिसतं. ते अजून दुसऱ्याच राज्यात जमिनीवर बसलं असेल तर बोर्डावर ऑन टाइम लिहिलेलं असलं तरी त्याला काडीची किंमत नाही.

उशीर एकदम सांगत नाहीत हेही लक्षात घ्या. आधी चाळीस मिनिटं, मग अजून पन्नास, मग नवीन वेळ कळवू. त्यामुळे आपण गेटपाशीच बसून राहतो, आत्ता येईल म्हणून जेवत नाही, आणि जेवायला उठतो तेव्हा निम्मी दुकानं आवरायला लागलेली असतात. पहिला उशीर जाहीर झाला की जेवून घ्या. बिर्याणी घरी न्यायला म्हणून पार्सल घेतली असेल तर तीच उघडा, मध्यरात्रीपर्यंत ती मांडीवर घेऊन बसण्यात शहाणपण नाही, घरी न्यायला उस्मानिया बिस्किटं बरी. औषधं एक दिवसाची जास्त घ्या, शुगरवाल्यांनी खायला काहीतरी हाताशी ठेवा. पॉवर बँक भरून हँडबॅगेत, चेक-इनच्या बॅगेत ती चालतच नाही. फोन मेला की बोर्डिंग पास गेला, गाडीवाला गेला, काकींचा नंबरही गेला. अर्थात किल्ली जवळ असेल तर काकींचा नंबर लागणारच नाही, तेच म्हणतोय मी.

डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम माहीत असू द्या, कारण काउंटरवर आपणहून फारसं कुणी सांगत नाही. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला, म्हणजे आपल्या हैदराबाद-गोव्याला, दोन तास किंवा जास्त उशीर असेल तर खाणंपिणं एअरलाइनने द्यायचं असतं. सहा तासांच्या वर गेलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं तुम्ही निवडायचं. रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेत सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर हॉटेलची सोय. काउंटरवर जाऊन शांतपणे नियमाचं नाव घेऊन मागा, आरडाओरडा करणाऱ्यांच्या घोळक्यात शिरू नका, तिथे फक्त व्हिडिओ निघतात. उशिराचे सगळे मेसेज डिलीट न करता ठेवा.

मोपाहून घरी कसं जायचं हे शुक्रवारीच ठरवा. गोव्यात ओला-उबर नाही हे आपल्याला माहीत असतं पण चार दिवस बाहेर राहिलं की विसरायला होतं. रात्री दीडला कदंबच्या बसच्या भरवशावर राहू नका, पायलट म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला तर मिळणारच नाही, काउंटरची टॅक्सी किंवा गोवामाइल्स ॲपची, नाहीतर स्वतःची गाडी पार्किंगला. भाच्याला बोलावणार असाल तर त्याला वेळ सांगू नका, फ्लाइट नंबर सांगा, आणि विमानात बसून दार लागेपर्यंत त्याला घरातून काढू नका. तुम्ही हवेत असताना तो धारगळचा रस्ता पकडून आरामात वर मोपाला पोचतो. उगाच तीन तास आधी येऊन बसला की पुढच्या वेळी फोन उचलत नाही.

हैदराबादचं थोडक्यात. शुक्रवारी रजा टाकून लवकर जाणार असाल तर सालारजंग म्युझियम आणि चौमहल्ला राजवाडा दोन्ही शुक्रवारी बंद, तो दिवस गोवळकोंड्याला द्या. विमानतळाहून शहरात यायला पुष्पक बस आहे, मेट्रो तिथपर्यंत जात नाही. चारमिनारपाशी रविवारी गर्दी असते. झालं.

घर सोडताना गॅस, पंप, फ्रिजमधलं दूध. पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, दोन दिवस पाव नको म्हणून सांगा, सोमवारचा मात्र हवा म्हणावं. मुलांचा सोमवारचा युनिफॉर्म शुक्रवारीच इस्त्री करून ठेवा. किल्ली घेतली का? गेटची? बघा परत एकदा, सांगून नाही, चेन उघडून. आणि सोमवारची अर्धी रजा आधीच टाकून ठेवा, वेळेत आलात तर रद्द करता येते.