परदेशातला पहिला नाताळ, मोजके पैसे आणि मुलांच्या भेटी

कुटुंबासह नुकतेच परदेशात आलेल्यांच्या घरी हा प्रश्न साधारण नोव्हेंबरच्या मध्यात येतो. मूल शाळेतून येतं, दप्तर टाकतं आणि विचारतं, "आई, मी सँटाकडे काय मागू?" तोवर घराची अनामत भरून, थंडीचे कपडे घेऊन, अंथरूण-पांघरुणांची जमवाजमव करून हाती फारसं काही उरलेलं नसतं.

आमच्या पहिल्या वर्षी वर्गातल्या सगळ्यांकडे काहीतरी असेल आणि आपल्याच मुलाकडे नसेल, या एका भीतीने मी रिमोटवर चालणारी मोठी गाडी क्रेडिट कार्डावर घेतली. २५ तारखेला सकाळी खोका उघडला, तर आत सेल नव्हते. दुकानं बंद. मुलगा दिवसभर ती बंद गाडी मांडीवर घेऊन बसून होता. मार्चमध्ये गाडी मोडली आणि हप्ते जूनपर्यंत भरत राहिलो. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी एक विचारून घ्या: तुम्ही राहता तिथे भेटी उघडतात कधी? ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात २५ डिसेंबरच्या सकाळी. जर्मनी, पोलंड आणि स्वीडन-नॉर्वे-डेन्मार्ककडे २४ च्या संध्याकाळी. नेदरलँड्समध्ये लहान मुलांचा खरा दिवस म्हणजे ५ डिसेंबरची सिंटरक्लासची (सँटासारख्याच तिथल्या भेटी देणाऱ्या बाबाची) संध्याकाळ, तर स्पेनमध्ये मुलं वाट बघतात ६ जानेवारीची, बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या तीन राजांची. शेजाऱ्यांना किंवा मुलाच्या शिक्षिकेला विचारायला संकोच करू नका, लोक आनंदाने सांगतात.

मग पैसे. रक्कम आधी ठरवायची, यादी नंतर करायची. उलट केलंत तर यादी वाढतच जाते. आणि ठरवलेली सगळी रक्कम खेळण्यांवर लावू नका. मी चौथा हिस्सा बाजूलाच काढून ठेवते, कारण रंगीत कागद, सेल, टपालखर्च, वर्गातल्या सीक्रेट सँटाची चिठ्ठी असं काही ना काही निघतंच. (सीक्रेट सँटा म्हणजे चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची; त्यात बहुधा खर्चाची वरची मर्यादा ठरलेली असते. तिच्या आत राहिलात तर कोणी नावं ठेवत नाही. शिक्षिकेला मुलाने स्वतः रंगवलेलं कार्ड पुरतं.) अनेक ठिकाणी डिसेंबरचा पगार सुट्टीआधीच होतो. तेव्हा खातं भरलेलं दिसतं खरं, पण पुढचा पगार जानेवारीच्या अखेरीस येणार असतो. भाडं आणि वाणसामानाचे पैसे त्याच दिवशी वेगळे काढा. "आता घ्या, नंतर भरा" असं दुकानाने कितीही गोड शब्दांत सुचवलं तरी खेळण्यासाठी हप्ता बांधून घेऊ नका.

सँटाच्या नावाने काय द्यायचं, यावर माझं मत ठाम आहे. सँटाकडून छोटी वस्तू, मोठी असलीच तर आईबाबांकडून. मुलं शाळेत एकमेकांना सांगतात. एकाला सँटाने सायकल दिली आणि दुसऱ्याला खडूंचा डबा, तर दुसऱ्याला वाटतं की आपणच वाईट वागलो असू. तो दुसरा मुलगा तुमचा असेल, नाहीतर आणखी कोणाचा. आपल्या घरापुरता तरी हा घोळ टाळता येतो. पत्र लिहायला बसण्याआधीच मुलाला सांगा की सँटा एकच गोष्ट आणतो, म्हणजे तीस ओळींची यादी निघत नाही.

नाताळची गंमत एका सकाळीत कोंबायची नाही, हे कळायला मला दोन वर्षं लागली. १ डिसेंबरपासून २४ खिडक्यांचं अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर बहुतेक मुलांच्या घरी सुरू होतं: नाताळपर्यंत रोज एक खिडकी उघडायची आणि आतली छोटी गंमत घ्यायची. विकतचं घेण्याऐवजी मी २४ लिफाफे दोऱ्याला चिमट्यांनी लावते. आत चिठ्ठ्या असतात: "आज झोपताना दोन गोष्टी", "आज अंधार पडल्यावर दिवे बघत फिरायचं", "आज जेवण चादरीच्या तंबूत". अधूनमधून एखादं स्टिकर. कामाच्या दिवशी जमणार नाही असं काही लिहू नका. चिठ्ठी निघाली आणि ती पाळली गेली नाही, तर मूल फार हिरमुसतं.

जुनी खेळणी घ्यायला लाजू नका. इथे ती चांगली पगारदार माणसंही घेतात. सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे लेगो: १९५८ सालापासूनचे ठोकळे आजच्या ठोकळ्यांना बसतात. त्यामुळे पिशवीभर मिसळलेले मिळाले तरी चालतात. सेट पुरा आहे की नाही हे बघत बसावं लागत नाही. ४० अंशांपर्यंतच्या कोमट पाण्यात साबण घालून हाताने धुवायचे आणि टॉवेलवर वाळवायचे. जिगसॉचे तुकडे मात्र घरी आणल्याबरोबर मोजा. विजेवरचं खेळणं विकणाऱ्यासमोर चालवून बघा. सायकलचं हेल्मेट जुनं घेऊ नका, कारण एकदा आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी आतून निकामी झालेलं असू शकतं.

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर स्वस्ताईपेक्षा सुरक्षितता आधी. टॉयलेट रोलच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीतून जो तुकडा आरपार जातो, तो त्या मुलाच्या हाती द्यायचा नाही. बटन सेल (नाण्यासारखा चपटा छोटा सेल) घातलेल्या खेळण्याची झाकणं स्क्रूने बंद आहेत ना, ते पाहा. गिळलेला बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजतं. असा संशय आला तर घरगुती उपाय करत न बसता थेट इमर्जन्सीला न्या. खूप ताकदीची बारीक लोहचुंबकं तर घरातच नकोत.

दोन भावंडं असली की वाटणीचा प्रश्न येतो. लहान मूल पुड्या मोजतं, मोठं किंमत मोजतं. म्हणून धाकट्यासाठी चार छोट्या गोष्टी वेगवेगळ्या गुंडाळा, रंगपेटीतले खडू आणि चित्रवहीसुद्धा दोन पुड्यांत. मोठीला एकच, पण तिने मागितलेली. बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांना तर सरळ रक्कम सांगा. मी माझ्या मुलीला वहीत आकडा लिहून दाखवला, तेव्हा माझ्या पोटात कालवत होतं. तिने थोडा वेळ विचार केला आणि नव्याऐवजी वापरलेले हेडफोन शोधून आणले. उरलेल्या पैशांत भावासाठी कोडी सोडवायचं पुस्तकही घेतलं. मुलांना परिस्थिती कळते. आपण लपवली तर ती मनातल्या मनात काहीतरी भलतंच समजून बसतात.

कूपनं द्यायची असतील, म्हणजे "बाबांबरोबर पोहायला" वगैरे, तर त्यावर तारीख घाला. बिनतारखेची कूपनं आमच्या घरी नुसती फ्रिजवर लटकत राहिली होती.

आजी-आजोबांनी मायदेशाहून मोठं पार्सल पाठवायचं म्हटलं तर प्रेमाने थांबवा. टपाल महाग पडतं, शिवाय इथे पोचल्यावर कस्टम्स भरावं लागू शकतं. त्यापेक्षा त्यांच्या आवाजात गोष्टी रेकॉर्ड करून मागा. माझ्या सासूबाईंनी अकरा गोष्टी पाठवल्या होत्या, मध्ये कुकरच्या शिट्ट्याही ऐकू येत होत्या. माझा मुलगा अजूनही आजारी पडला की त्याच लावायला सांगतो.

आणि या वर्षी खरोखरच काही जमणार नसेल, तर नोव्हेंबरमध्येच शाळेच्या ऑफिसात किंवा जवळच्या वाचनालयात चौकशी करा. अनेक गावांत गरजू घरांसाठी खेळणी जमवतात आणि नावनोंदणी लवकर बंद होते. हे मागणं कमीपणाचं नाही. पुढे कधी हात मोकळा झाला की त्याच खोक्यात आपणही काहीतरी टाकायचं.

दुकानातून नवं घेतलंत तर गिफ्ट रिसीट (किंमत न छापलेली, वस्तू बदलून घ्यायला चालणारी पावती) मागून घ्या आणि परत करायची मुदत कधीपर्यंत आहे ते वाचा. प्रत्येक खोक्यावर सेल आत आहेत की नाहीत ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं. २३ तारखेपर्यंत पेन्सिल सेलचं एक पाकीट घरात आणून ठेवा, आणि झाकणं उघडायला छोटा स्क्रूड्रायव्हरसुद्धा.