टपरीवर सिगारेट ठेवण्याआधी

महाराष्ट्रात पानटपरी टाकायची म्हटलं की माणूस पहिला गुमास्त्यासाठी, म्हणजे दुकानाच्या नोंदणीसाठी धावतो. धावावंच. पण मोजकीच माणसं कामाला असतील, तर २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे ती नुसती ऑनलाइन दिलेली सूचना असते. त्या पावतीत तंबाखू विकायची परवानगी कुठेच नसते. ती पावती घेऊन थेट महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या परवाना विभागात जा आणि तंबाखूसाठी वेगळं काय लागतं ते विचारून घ्या. शेजारी बिस्किटं, वेफर्स मांडणार असाल तर अन्न नोंदणीही आली.

गाळ्याचं डिपॉझिट द्यायच्या आधी टेप काढा. शाळा-कॉलेजपासून १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तंबाखू विकता येत नाही. लोक फाटकापासून रस्त्याने पावलं मोजतात आणि तिथेच फसतात. अंतर धरायचं ते कुंपणापासून, सरळ रेषेत, चहूबाजूंनी. रस्त्याने दीडशे मीटर भरले, पण शाळेची मागची भिंत तुमच्याच गल्लीत असेल, तर टपरी हद्दीत आली.

मग बोर्ड. १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकणं हा दंडनीय गुन्हा आहे, असा किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा, मराठीत, दर्शनी भागात. कंपनीचा माणूस फुकटात झगमगता ब्रँडचा बोर्ड देऊ करेल. तो घेऊ नका. जाहिरातबंदी मोडली तर पहिल्याच वेळी २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता खरी गोम. कोटपा, म्हणजे देशाच्या तंबाखू नियंत्रण कायद्यात अल्पवयीनाला विकल्याचा दंड २०० रुपयांपर्यंतच आहे, म्हणून धंद्यात तो कोणी मनावर घेत नाही. पण बाल न्याय अधिनियम, २०१५चं कलम ७७ वाचून ठेवा: मुलाला तंबाखू दिली तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. "पप्पांनी मागवलीय" हे ऐकून पाकीट पुढे करणारा हात तुमचा असतो, पप्पांचा नाही. गिऱ्हाईक सज्ञान होतं हे सिद्ध करायची जबाबदारीही विकणाऱ्यावरच आहे. शंका आली की ओळखपत्र मागा, चिडला तर चिडू दे. गल्ल्यावर बसवायला पोरगा शोधताय? त्याचंही वय बघा, १८च्या आतल्याने हा माल हाताळायचाही नाही.

माल भरताना पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्रासह इशारा आहे ना, ते बघा. इशारा नसलेलं परदेशी पाकीट विकलं तर दुकानदारालाही वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. सुटी सिगारेट-विडी राज्यात २०२०पासून बंद आहे, गुटखा तर २०१२पासून. आणि कोणी ई-सिगारेटचा डबा "नुसता ठेव, विकू नकोस" म्हणून देऊन गेला तर तो तसाच परत करा: २०१९च्या कायद्याने साठ्यालाच ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.